नाथसागरात कुठलं इंजिन? बोटीच्या मोटरची गोष्ट

पैठणला नाथसागरात बोटिंग हवं, असं कुणी म्हटलं की गप्पा बोट केवढी आणि तिकीट किती, इथेच संपतात. बोटीला इंजिन कुठलं लावायचं, हे कुणी विचारत नाही. मला तर तोच मुख्य प्रश्न वाटतो. कारण साधं आहे, संभाजीनगरकर हेच पाणी पितात. (नळाला ते किती दिवसांनी येतं, हा विषय आज नको.)

आधी धरण बघू. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. जलाशय पसरतो सुमारे ३५० चौरस किलोमीटर आणि पूर्ण भरला की पाणी साधारण २,९०९ दशलक्ष घनमीटर. भागाकार करून बघा, सरासरी खोली येते फक्त सव्वाआठ मीटर. म्हणजे अवाढव्य, पण परातीसारखा उथळ. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि काठाला नुसता गाळ.

अशा ठिकाणी इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेलं डिझेल इंजिन, अवघड जातं. गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या लाँचमध्ये ते मस्त चालतं, दणकट असतं. पण त्याचा पंखा बोटीच्या खाली पक्का बसवलेला असतो, गाळात रुतला की संपलं. १९५९ ला व्होल्वो पेंटाने इंजिन आत आणि उचलता येणारा पंखा बाहेर, अशी स्टर्नड्राइव्ह बाजारात आणली. चांगली आहे, पण महाग, आणि देखभाल जास्त.

म्हणून हौशी बोटींसाठी जगभर आउटबोर्ड चाललं. मागच्या फळीला अडकवायचं, उथळ पाणी आलं की तिरकं करून वर घ्यायचं. नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये आपलं आउटबोर्ड विकायला काढलं. ताकद किती? दीड हॉर्सपॉवर! असं इंजिन बनवणारा तो काही पहिला नव्हता, पण घरोघरी पोचवलं ते त्याने.

पुढची कित्येक दशकं आउटबोर्ड म्हणजे टू-स्ट्रोक, हे समीकरणच होतं. आपल्या शहराला टू-स्ट्रोक समजावून सांगायची गरज नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ ला सुरू झाला, आणि त्या काळातल्या स्कूटरचा निळा धूर, पेट्रोलमध्ये ऑइल टाकून घेणं, हे सगळं घरातल्या मोठ्यांना विचारा. हलकं, स्वस्त, दुरुस्तीला सोपं. पण त्यात एक मूळ दोष आहे. जळालेला धूर बाहेर जात असतानाच नवीन पेट्रोल सिलिंडरमध्ये शिरतं आणि त्यातलं काही न जळताच धुरासोबत निसटतं. जुन्या कार्बोरेटरवाल्या आउटबोर्डमध्ये हे प्रमाण २५ ते ३० टक्क्यांपर्यंत जायचं. स्कूटरचं ते हवेत जातं. आउटबोर्डचा एक्झॉस्ट मात्र पाण्याखाली सोडलेला असतो. म्हणजे दहा लिटर भरलं, तर दोन-तीन लिटर थेट धरणात!

अमेरिकेत लेक टाहो नावाचं मोठं सरोवर आहे, तेही पिण्याच्या पाण्याचं. पाण्यात पेट्रोलमधली रसायनं सापडायला लागली आणि जून १९९९ पासून तिथे अशी बहुतेक इंजिनं बंद केली. नंतर थेट इंधन फवारणारी सुधारित टू-स्ट्रोक आली, पण बाजार फोर-स्ट्रोककडे वळला होता. २०२० मध्ये एव्हिनरूड ब्रँडची आउटबोर्डच बंद पडली.

आता मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट. बोटीतून काढता-लावता येणारी पहिली मोटर पेट्रोलची नव्हतीच! गुस्ताव त्रूव्हेने १८८१ मध्ये पॅरिसला सीन नदीत चालवलेली मोटर विजेची होती. आणि एव्हिनरूड विक्री सुरू करत होता त्याच १९०९ मध्ये जर्मनीतल्या क्योनिगझे तलावावर विजेच्या प्रवासी बोटी धावायला लागल्या. त्या आजही धावतात. आपल्याकडे केरळात वैक्कमला 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सोलर फेरी जानेवारी २०१७ पासून चालू आहे. त्यामुळे ईव्ही म्हणजे कालची फॅशन, असं निदान बोटींच्या बाबतीत तरी म्हणू नका.

मग नाथसागरात काय? माझं मत सांगतो. पर्यटकांच्या बोटीला इलेक्ट्रिक. फेरी ठरलेली, वेग कमी, संध्याकाळी परत काठाला चार्जिंग. बचावाच्या बोटीला फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, कारण वादळात अडकलेल्या माणसाकडे जाताना बॅटरी किती टक्के उरली, हे बघत बसता येत नाही. जुनं टू-स्ट्रोक फुकट मिळालं तरी नको. स्पीडबोटचा थरार हवा असणारे नाराज होतील, पण १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय इथे काहीच होणार नाही. आणि हिवाळ्यात आलेले फ्लेमिंगो बघायचे असतील, तर इंजिनाचा आवाज नसलेलाच बरा.