बंद घुमटांतील यंत्र

उन्हाळ्याच्या दिवसांत एके सकाळीं स्वयंपाकघरांतलें शीतकपाट, म्हणजे आपल्या नित्याच्या बोलींतला फ्रीज, उघडावें, आंतला दिवा लागावा, पण दूध मात्र कोमट निघावें, हा प्रसंग बहुतेक कुटुंबांवर केव्हां ना केव्हां येतो. मागच्या बाजूस कान द्यावा, तर थोड्या थोड्या वेळानें एक हुंकार ऐकूं येतो, पांच-दहा सेकंद टिकतो, 'टक्' असा आवाज होतो आणि पुन्हां सारें शांत. आमच्या घरीं असें झालें तेव्हां प्रथम आलेल्या कारागिरानें दोन मिनिटांत निकाल दिला: काँप्रेसर गेला, नवा बसवा, नाहीं तर कपाटच बदला. दुसऱ्या दिवशीं एका वृद्ध कारागिरानें अंगठ्याएवढा एक भाग बदलला आणि यंत्र चालूं लागलें. पहिला गृहस्थ लबाड होता असें मला म्हणावयाचें नाहीं. जेथें पाहावयास हवें होतें तेथें त्यानें पाहिलें नाहीं, एवढेंच. आणि कोठें पाहावें, हें ह्या यंत्राच्या इतिहासाइतकें चांगलें दुसरें कोणी सांगणार नाहीं.

कृत्रिम थंडी घरांत येण्यापूर्वी थंडी जहाजांतून येत असे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याचें 'टस्कनी' जहाज १८३३ च्या मे महिन्यांत १८० टन बर्फ घेऊन निघालें आणि सप्टेंबरांत कलकत्त्यास पोंचलें. वाटेंत बराच बर्फ वितळला, तरी सुमारें १०० टन शिल्लक होता. पुढच्या वर्षीं, १८३४ मध्यें, मुंबईंतहि बर्फ आला. जमशेटजी जिजीभाई यांनीं मेजवानींत आइस्क्रीम वाढलें आणि त्यापायीं यजमान व पाहुणे दोघेहि पडशानें बेजार झाले, अशी हकीकत सांगतात.

योगायोग असा कीं, त्याच १८३४ सालीं लंडनमध्यें जेकब पर्किन्स यानें थंडी उत्पन्न करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. तत्त्व आपल्या माठाचेंच. पाण्याची वाफ होतांना ती उष्णता ओढून घेते, म्हणून माठ गार राहतो. विल्यम कलेन यानें ईथर निर्वात भांड्यांत उडवून थंडी उत्पन्न करतां येते, हें १७५६ मध्यें प्रसिद्ध केलें होतें. पर्किन्सनें पुढचें पाऊल टाकलें: उडून गेलेली वाफ फुकट दवडावयाची नाहीं, ती पंपानें दाबावयाची, बाहेर निववून पुन्हां द्रव करावयाची आणि पुन्हां उडवावयाची. हा दाबणारा पंप म्हणजेच काँप्रेसर. शीतकपाट थंडी 'बनवीत' नाहीं; आंतली उष्णता उचलून मागच्या जाळीवाटे खोलींत टाकतें. पंप थांबला कीं हा सारा फेरा थांबतो.

हें यंत्र घरांत आलें तेव्हां मात्र एक अडचण उभी राहिली. १९२० च्या सुमाराच्या घरगुती यंत्रांत विजेची मोटार निराळी आणि पंप निराळा असे, दोहोंमध्यें पट्टा. पंपाचा फिरता दांडा त्याच्या कवचांतून बाहेर काढावा लागे, आणि त्या जागेचें बंद कितीहि घट्ट केलें तरी वायु झिरपे. हे वायु साधे नव्हते. सल्फर डायॉक्साइडचा ठसका तरी बसे. मेथिल क्लोराइडला वासहि जवळजवळ नसे. १९२९ मध्यें शिकागोंत अशा गळतीनें माणसें दगावलीं. बर्लिनमधील एका कुटुंबाच्या अशाच मृत्यूची बातमी वाचून आइन्स्टाइन हळहळले, आणि लिओ झिलार्ड ह्या तरुण शास्त्रज्ञाबरोबर त्यांनीं हलणारे भाग नसलेल्या शीतयंत्राचीं पेटंटें घेतलीं, असें सांगतात.

बाजारांत टिकलेला तोडगा निराळा होता. क्रिश्चन स्टीनस्ट्रप ह्या अभियंत्याच्या रचनेचें एक कपाट जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९२७ सालीं विक्रीस आणलें. त्यांत मोटार आणि पंप दोन्ही एकाच पोलादी डब्यांत घालून तो डबा कायमचा बंद केला होता. दांडा बाहेर येतच नाहीं, मग गळणार कोठून? माथ्यावरचा तो गोल डबा अमेरिकन यादवी युद्धांतील 'मॉनिटर' नौकेच्या तोफबुरुजासारखा दिसे, म्हणून लोक त्यास 'मॉनिटर टॉप' म्हणूं लागले. पुढें तो डबा कपाटाच्या तळाशीं गेला. आज मागें वांकून पाहिल्यास जो काळा घुमट दिसतो तो ह्याच घराण्यांतला. १९५८ मध्यें गोदरेजनें भारतांत शीतकपाटें तयार करण्यास आरंभ केला, तेव्हां बंद घुमटाची ही परंपरा आपल्याकडेहि रुजली.

परंतु घुमट बंद करतांना दुसरा एक प्रश्न सोडवावा लागला, आणि आपल्या 'टक्' आवाजाचें मूळ तेथें आहे. घरांत येणारी वीज एकफेजी असते. जात्याचा खुंटा मधल्या खिळीच्या रोखानें नुसता पुढें-मागें रेटला तर जातें फिरत नाहीं. त्यास बाजूनें एक हिसका द्यावा लागतो, आणि एकदां फिरूं लागलें कीं मग काम सोपें. एकफेजी मोटारीचें तसेंच आहे. तिच्या मुख्य वेटोळ्यांतील प्रवाह नुसता पुढें-मागें रेटतो. बाजूचा हिसका देण्यासाठीं आरंभीचें म्हणून दुसरें वेटोळें असतें, आणि मोटार वेगांत येतांच तें बाजूला काढावें लागतें. नाहीं तर तें जळून जाईल.

तें बाजूला काढणारी कळ घुमटांत ठेवली असती तर तिच्या ठिणग्यांनीं आंतलें तेल व वायु बिघडले असते, आणि ती झिजल्यावर बदलतांहि आली नसती. म्हणून रचनाकारांनीं ती जाणूनबुजून बाहेर, घुमटाच्या कुशीला बसविली. हाच रिले. जुन्या रिलेंत प्रवाहाच्या जोरानें एक लोखंडी दट्ट्या उचलला जाई. पुढें त्या जागीं तापल्यावर वीज अडविणारी चिनीमातीसारखी एक चकती आली. शेजारीं अतिभाराचा रक्षक असतो. मोटार अडून तापूं लागली कीं तो वीज तोडतो. 'टक्' करणारा तोच.

आतां निदानाचा क्रम आपोआप सुचतो. मुळींच आवाज नसेल तर वीज, थर्मोस्टॅट आणि रक्षक पाहावे. घुमट हाताला फार गरम लागत असेल तर तो निवूं द्यावा. हुंकार होऊन 'टक्' होत असेल तर प्रथम विजेचा दाब मोजावा. २३० व्होल्टऐवजीं १६० च येत असतील तर मोटारीचें आरंभींचें बळ निम्म्यावर येतें. वीज जाऊन लगेच आली असेल तर पांच मिनिटें थांबावें; आंतले दाब सारखे होण्यास तेवढा वेळ लागतो.

इतकें करूनहि भागलें नाहीं तर वीज पूर्ण तोडून जाणत्या कारागिरानें रिले काढावा. चकतीचा रिले हलविल्यावर खुळखुळला तर आंतली चकती फुटली, असें बहुधा समजावें. मग घुमटाच्या तीन खिळ्या ओहममापकानें दोन-दोन करून मोजाव्या. समजा, मापें १२, १८ आणि ३० आलीं. पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्याइतकी भरली, आणि कोणत्याहि खिळीपासून घुमटाच्या पत्र्याकडे वाट नसली, तर वेटोळीं शाबूत आहेत. रिले बदलून, दाब पुरेसा असूनहि मोटार अडली, तरच आंतलें यंत्र जाम झालें असें म्हणावें. नव्या इन्व्हर्टर जातींत हा रिले नसतो. तेथें परीक्षा निराळी.

ह्या क्रमाचें महत्त्व केवळ पैशाचें नाहीं. १९३० मध्यें टॉमस मिजली यानें फ्रेऑन वायु श्वासांत घेऊन त्याच्या फुंकरीनें मेणबत्ती विझविली आणि तो विषारी नाहीं व पेटत नाहीं, हें सभेस दाखविलें. घरें सुरक्षित झालीं. १९७४ मध्यें मोलिना व रोलंड यांनीं असे वायु ओझोनच्या थराचा नाश करतात हें दाखविलें, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानें ते मागें घेतले जाऊं लागले. त्यांच्या जागीं आलेल्यांपैकीं एक वायु पृथ्वी तापवितो, दुसरा पेट घेतो. म्हणून घुमट विनाकारण कापणें म्हणजे ज्या वायूला माणसांनीं इतक्या कष्टानें कोंडलें त्यास पुन्हां मोकळें सोडणें होय.

घुमट बंद आहे तो आपल्याला फसविण्यासाठीं नव्हे, वांचविण्यासाठीं. ज्यांनीं तो बंद केला त्यांनीं झिजणारा भाग आपल्या हाताशीं बाहेर ठेविला. पुढच्या उन्हाळ्यांत तो हुंकार कानीं आला, तर निकाल ऐकण्यापूर्वी कारागिरास एवढेंच विचारावें: रिले काढून पाहिलात कां?