देवधर मास्तरांची दुसरी खेळी

बुधवार पेठेतून निघून लक्ष्मी रस्ता ओलांडला, की थोड्याच वेळात पायी टिळक रस्ता येतो. तिथल्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे एक प्राध्यापक क्रिकेटच्या मैदानावरही मोठे होते. ते म्हणजे दिनकर बळवंत देवधर. जन्म पुण्याचा, १४ जानेवारी १८९२चा.

१९२६ साली आर्थर गिलिगन यांचा एम.सी.सी. संघ भारतात आला. मुंबईच्या जिमखान्यावर अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या. आपली माणसे इंग्रजांशी बरोबरीने खेळू शकतात, हे त्या दौऱ्यात दिसले. १९२८मध्ये क्रिकेट मंडळ स्थापन झाले आणि १९३२मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला. त्या संघात देवधर नव्हते. त्यांनी चाळिशी गाठली होती. कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही.

दुसरा कोणी असता तर बॅट माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. देवधरांची दुसरी खेळी मात्र इथून सुरू होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध त्यांनी स्वतः २४६ धावा केल्या, त्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! १९४४मध्ये बावन्न वर्षांचे असताना नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके ठोकली.

मला मोलाची वाटते ती आणखी एक गोष्ट. मुंबईच्या चौरंगी-पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावरून पडत. देवधर हिंदू संघातून खेळलेले, तर सांगलीचे ख्रिस्ती विजय हजारे ‘रेस्ट’ संघातून. रणजीत मात्र दोघेही महाराष्ट्राचे. १९३९-४०च्या त्याच मोसमात हजारेंनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या, तेव्हा कर्णधार देवधर होते. जात-धर्म तंबूबाहेर ठेवून एकाच धावफलकावर नावे लागायची, ती अशी.

१९७३-७४पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक सुरू झाला. १९९१मध्ये पद्मभूषण मिळाले. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, मास्तर गेले.

आपल्याकडे पन्नाशीच्या माणसाला ‘आता पुरे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी स्वतः पन्नाशी ओलांडलेला, मलाही भेटतात. अशा वेळी मी नवानगरचा तो सामना आठवतो आणि कोरा कागद पुढे ओढतो.