बदकांचें अंथरूण आणि मावळचा पेंढा

प्राणी माणसाळविल्याचा इतिहास आपण बहुधा माणसाच्या बाजूनें वाचतों. गाय दूध देऊं लागली, मेंढी लोकर देऊं लागली, कोंबड्या व बदकें अंडीं देऊं लागलीं, हा त्या इतिहासाचा जमेचा रकाना होय. परंतु त्या प्राण्यांजवळून आपण काय काढून घेतलें, हा खर्चाचा रकाना क्वचितच कोणी भरतो. बदकाच्या बाबतींत तो भरावयाचा झाल्यास पहिली नोंद घरट्याची करावी लागेल. परसांत बदकें पाळणाऱ्या गृहस्थानें त्यांच्याखालीं काय अंथरावें, हा वरवर क्षुल्लक दिसणारा प्रश्न या जुन्या ऋणाशीं निगडित आहे, असें आम्हांस वाटतें.

पाळीव बदकांच्या बहुतेक जाती हिरव्या डोक्याच्या रानबदकापासून उत्पन्न झाल्या, असें डार्विननें १८६८ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें, व तें मत आजही मान्य आहे. या रानबदकाची मादी झुडपांत किंवा उंच गवतांत खळगा करून त्यांत पाला-गवत घालते, आणि स्वतःच्या छातीचीं मऊ पिसें उपटून त्यांत पसरते. चरावयास जातांना ती त्याच पिसांनीं अंडीं झांकून ठेवते. उत्तर समुद्रांकडील आयडर नांवाच्या बदकाचीं अशींच पिसें आइसलंडांतील लोक घरट्यांतून गोळा करितात, व त्यांच्या उंची रजया होतात. पिलांसाठीं केलेलें अंथरूण अशा रीतीनें माणसाच्या शय्येवर आलें. पाळीव बदक मात्र तें करावयाचें हळूहळू विसरत गेलें.

हें विस्मरण एका दिवसांत घडलें नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोलुमेला या रोमन ग्रंथकारानें आपल्या शेतीविषयक ग्रंथांत बदकांच्या वाड्याचें वर्णन केलें आहे. भोंवतीं पंधरा फूट उंचीची भिंत, वर जाळें, मध्यें तळें, आणि कडेनें फूटभर लांबीरुंदीचीं, गिलावा केलेलीं दगडी घरटीं असावीं. त्यांच्या मधून मधून झुडपें लावावीं, व विणीच्या हंगामांत आवारांत काड्या व गवत टाकावें, म्हणजे पक्षी तें उचलून आपलें घरटें सजवितील, अशी त्याची सूचना आहे. सामान धन्यानें द्यावें, बांधकाम पक्ष्यानें करावें, हा विवेक यांत दिसतो. परंतु रानबदकांचीं अंडीं आणून कोंबडीखालीं उबवावीं, म्हणजे पिलें रानटीपणा टाकतात, असाही उपदेश त्याच ग्रंथांत आहे. आईची जागा दुसरीला देण्याची रीत इतकी जुनी आहे.

पूर्वेकडे चीन देशांत याच्याही पुढची मजल गेली. तेथें भाताचें तूस तापवून, त्याच्या उबेंत टोपल्यांतून अंडीं उबविण्याची कला सिद्ध झाली. अठ्ठावीस दिवस बसावयास आईही नको व कोंबडीही नको. पश्चिमेकडे विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील अडेल कॅम्पबेल या बाईंनीं ‘खाकी कॅम्पबेल’ ही प्रसिद्ध जात निर्माण केली. तिची चांगली मादी वर्षास तीनशेंच्या सुमारास अंडीं देते, पण अंड्यांवर सहसा बसत नाहीं. कित्येक जातींच्या माद्या तर जेथें उभ्या असतील तेथेंच अंडें टाकून चालूं लागतात. खुडूक, खुराडें, डालगें हे आपले शब्द कोंबडीच्या संसारांतले आहेत. बदकाचा संसार माणसानें मोडला, तेव्हां तो सांवरण्याचें कामही माणसाकडेच आलें.

आतां आपल्या मावळाकडे वळूं. १८५८ सालीं पुणें-खंडाळा व १८६३ सालीं बोरघाटांतील आगगाडी सुरू झाली, आणि लोणावळें-खंडाळें मुंबईच्या सुखवस्तु मंडळींस हवा पालटण्यासाठीं जवळचें झालें. तेथील एखाद्या बंगल्याच्या आवारांत, अथवा कामशेत-वडगांवकडील घराच्या परसांत, कोणी चार-सहा बदकें ठेविलीं तर त्याची पहिली गांठ पावसाशीं पडते. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बदक हा पाण्यांतला पक्षी, त्यास ओल काय बाधणार, असें पुष्कळांस वाटतें. पण पाण्यावर तरंगणें निराळें व ओल्या अंथरुणावर रात्र काढणें निराळें. बदकाची विष्ठा अत्यंत पातळ असते; त्यांत पावसाळी हवा मिळाली म्हणजे अंथरूण कुजतें, तिखट वास सुटतो व बुरशी धरते. बोरघाटांतून गाडी धांवूं लागली त्याच १८६३ सालीं फ्रेसेनियस या जर्मन शास्त्रज्ञानें, माळढोकाच्या जातकुळींतील एका पक्ष्याच्या श्वासमार्गांत अशी बुरशी वाढलेली दाखवून दिली. कुबट पेंढा पांखरांस कां मारतो, याचें उत्तर तेव्हांपासून उपलब्ध आहे.

सुदैवानें औषधही मावळांतच पिकतें. मावळ हा भाताचा मुलूख. पेंढा व तूस दोन्ही दारांत. मात्र पेंढा ही प्रथम गुरांची वैरण आहे, आणि शेतकरी ती पांखरांच्या पायांखालीं घालावयास कचरतो, हें योग्यच होय. त्यांतच उंच ताटाच्या अंबेमोहराच्या जागीं बुटकीं भातें आलीं. आंबेमोहर-१५७ व आय. आर. ८ यांच्या संकरांतून वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें काढलेलें ‘इंद्रायणी’ हें वाण १९८७ सालीं प्रसृत झालें. ताट आंखूड झालें, पण गिरण्यांतून तूस मुबलक निघूं लागलें. म्हणून जमिनीवर तूस व घरट्यांत पेंढा, अशी वांटणी आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते.

जमीन उंचवट्यावर असावी व तुसाचा थर चांगला जाड असावा. तो रोज खालवर करावा, भिजलेला भाग काढून टाकावा व वर कोरडें तूस घालावें. पाण्याचें भांडें अंथरुणापासून दूर ठेवावें. लाकडाचा बारीक भुसा पिलांखालीं घालूं नये. तीं तो खातात. तीन माद्यांस एक घरटें पुरतें. तें सुमारें एक फूट रुंद, एक फूट उंच व दीड फूट खोल, जमिनीलगत व अंधाऱ्या कोपऱ्यांत असावें, कारण बदक उंच चढून अंडीं घालीत नाहीं. बहुतेक अंडीं पहांटे पडतात. म्हणून नऊ वाजेपर्यंत पांखरें बाहेर सोडूं नयेत. अंड्याच्या कवचास सहस्रावधि सूक्ष्म छिद्रें असतात. घाणींत पडलेलें अंडें आंतूनही लवकर नासतें. पावसाळ्याचा पेंढा मात्र उन्हाळ्यांतच वाळवून माळ्यावर टाकला पाहिजे. आषाढांत तो विकत घेऊं म्हणणारास कुबटच मिळावयाचा.

वापरलेलें तूस फेंकूं नये. तें कुजवून भाताच्या खाचरांत घातल्यास, जेथून आलें तेथेंच परत जातें. मावळांत राब भाजण्यासाठीं झाडांचा पाला कापण्याची चाल आहे. असें खत हाताशीं असल्यास तेवढ्या फांद्या तरी वांचतील.

बदकाकडून आपण त्याचें मातृत्व घेतलें, तें आतां परत देतां येत नाहीं. परत देतां येण्यासारखी एकच वस्तु आपल्या हातीं उरली आहे, ती म्हणजे कोरडी, अंधारी व निर्भय जागा. जो ती देऊं शकत नाहीं, त्यानें केवळ तळ्याची शोभा म्हणून बदकें पाळूं नयेत.