तळटीप १७ : चारकोप आणि ‘साष्टीचा लेखी गावकायदा’

१७. लेखकाचा रोख गोव्याच्या ‘फोराल’कडे आहे. पोर्तुगीज महसूल अधिकारी आफोंसो मेशिया याने १५२६ साली तिसवाडी बेटातल्या गावकारांच्या, म्हणजे वतनदार भागीदारांच्या, रूढी या सनदेत उतरवल्या. वर्षाची पहिली भातकापणी ताळगावकरांनी करायची, इतके बारीक मानपानही तीत आहेत. मजकूर गावांचा असला तरी मोहोर राजाची होती, म्हणून तिला ‘गावाने केलेला कायदा’ म्हणणे जरा सैलच. चारकोप साष्टीत, म्हणून फोराल तिथेही लागू, हे लेखकाचे अनुमान तर मुळीच टिकत नाही. गोव्याची सासष्टी पोर्तुगीजांकडे आली १५४३ मध्ये. चारकोपची, म्हणजे मुंबईलगतची साष्टी, १५३४ च्या वसईच्या तहाने. नावांची ही गल्लत नेहमीचीच. राजा एक होता, मग कायदाही एकच असणार, असे कोणी म्हणेल. पण उत्तरेकडे पोर्तुगीजांनी गावेच्या गावे सरदारांना आणि धर्मसंघांना खंडाने लावून दिली; तिथले हक्क गावकारसभेपेक्षा त्या खंडदारांशी बांधले गेले. साष्टी १७३७ मध्ये मराठ्यांकडे व १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेली. प्रस्तुत उताऱ्यातले ‘गावचे नियम’ त्यामुळे अलिखित वहिवाट समजावेत. १९५७ मध्ये हा भाग बृहन्मुंबईत आल्यापासून चारकोप गावठाणाला १८८८ च्या महापालिका कायद्याखालचे उपविधी लागू आहेत. ते महापालिका करते आणि त्यांना मंजुरी राज्य शासनाची लागते. — संपा.