मूत्राशय कर्करोगातील मूत्रलक्षणे : इतिहास

मूत्राशयाच्या आतील अस्तरात होणाऱ्या कर्करोगाचे पहिले चिन्ह बहुधा मूत्रातच दिसते. सु. ८०% रुग्णांत ते वेदनारहित रक्तमूत्रता (मूत्रातून रक्त जाणे) हे असते. मूत्र गुलाबी, लाल किंवा काळपट होते आणि कधी त्यात रक्ताच्या गुठळ्या असतात. काही रुग्णांत वारंवार लघवी लागणे, ती आवरता न येणे आणि जळजळ होणे ही लक्षणे प्रमुख असतात. रक्त एकदोनदा जाऊन आपोआप थांबते व नंतर काही आठवडे किंवा महिने मूत्र स्वच्छ राहते. रोग बरा झाल्याचा समज त्यामुळे होतो. प्रत्यक्षात अर्बुद (गाठ) वाढत असते. ह्या फसव्या चिन्हाचा अर्थ लावण्याचे प्रयत्न हाच या रोगाच्या निदानाचा इतिहास होय.

प्राचीन भारतीय वैद्यकात मूत्राच्या रंगावरून रोगाचे वर्गीकरण केलेले आढळते. चरकसंहितेत पित्तज प्रमेहाच्या सहा प्रकारांत रक्तासारखे मूत्र होणारा लोहितमेह व मंजिष्ठाच्या काढ्यासारखे मूत्र होणारा मंजिष्ठमेह हे दोन प्रकार दिले आहेत. प्रमेहाची पूर्वरूपे नसताना मूत्र रक्तवर्ण झाल्यास तो प्रमेह न समजता रक्तपित्त समजावे, असा भेदही चरकांनी केला आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या बारा प्रकारांत बस्तीच्या (मूत्राशयाच्या) मुखाशी होणाऱ्या मूत्रग्रंथीचा उल्लेख येतो. हे वर्णन कर्करोगाचेच आहे असे म्हणता येत नाही. मात्र मूत्रातील रक्ताची कारणे निरनिराळी असतात, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे.

लोकव्यवहारात ही जाणीव टिकली नाही. महाराष्ट्रात लघवीची जळजळ व वारंवारता यांना ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात आणि धण्या-जिऱ्याचे पाणी, ताक, शहाळे असे थंड उपचार करतात. रक्त दिसल्यास मुतखड्याचा तर्क केला जातो. पंचगंगेकाठच्या कसबा बावड्यासारख्या उसाच्या पट्ट्यात दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाला हा समज सहज पटतो आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. अर्बुदाचा रक्तस्राव मात्र विनाउपचारही थांबत असल्यामुळे त्याचे श्रेय घरगुती उपायाला मिळते व तपासणी लांबते. स्त्रियांत हे रक्त मासिक पाळीचे किंवा मूत्रमार्गाच्या संक्रामणाचे मानले जाते. हा रोग पुरुषांत सु. तीनचौपट अधिक आढळत असला, तरी स्त्रियांत निदान होईपर्यंत तो बरेचदा पुढच्या अवस्थेला गेलेला असतो.

एकोणिसाव्या शतकात मूत्राशयाच्या आत पाहणे शक्य झाले. जर्मन वैद्य माक्स निट्से (१८४८–१९०६) यांनी १८७७ मध्ये मूत्राशयदर्शकाचे प्रात्यक्षिक केले. प्लॅटिनमच्या तापलेल्या तारेच्या जागी पुढे लहान विद्युत् दिवा आला व हे साधन सुलभ झाले. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शस्त्रक्रियाविशारद लूटव्हिख रेन (१८४९–१९३०) यांनी फुक्सिन ह्या रंगद्रव्याच्या कारखान्यातील ४५ कामगारांपैकी तिघांत मूत्राशयाची अर्बुदे आढळल्याचे सांगितले. व्यवसाय व हा रोग यांचा संबंध त्यामुळे प्रथम पुढे आला. रेन यांनी दोष ॲनिलिनाला दिला. पुढील संशोधनात बीटा नॅप्थिलअमाइन व बेंझिडीन यांसारखी ॲरोमॅटिक अमाइने कारणीभूत ठरली.

तंबाखूच्या धुरातही अशी अमाइने असतात. ती रक्तावाटे वृक्कांत (मूत्रपिंडांत) जातात आणि मूत्राबरोबर मूत्राशयात साचून राहतात. धूम्रपान व मूत्राशय कर्करोग यांचा संबंध १९५६ मध्ये अमेरिकेतील पाहणीत दिसून आला. कोल्हापूरच्या दक्षिणेस असलेली निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी बाजारपेठ आहे. त्यामुळे या भागात विडी ओढणाऱ्याच्या मूत्रात रक्त दिसल्यास ते विशेष गांभीर्याने घेणे आवश्यक ठरते.

रक्तमूत्रतेचे आणखी एक कारण कोकणात उघडकीस आले. टेओडोर बिल्हार्ट्स (१८२५–६२) यांनी १८५१ मध्ये कैरो येथे शोधलेल्या रक्तपर्णकृमीची अंडी मूत्राशयाच्या भित्तीत रुतून दीर्घकाळ दाह होतो व त्यातून ईजिप्तमध्ये अनेकांना मूत्राशय कर्करोग होत असे. अशा कृमींचा प्रादुर्भाव रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी असल्याचे आर. के. गाडगीळ व एस. एन. शाह यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. तेथील कृमी त्याच जातीचा की निराळा, याविषयी पुढे मतभेद झाले. गावातील मूत्रातील रक्ताला उष्णता वा मुतखडा म्हणून न सोडता सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यामुळेच हे कारण हाती लागले.

१९४५ मध्ये जॉर्ज पापानिकोलाऊ (१८८३–१९६२) व व्हिक्टर मार्शल यांनी मूत्रातील सुट्या कोशिकांवरून कर्करोग ओळखण्याची पद्धत मांडली. अस्तरात सपाट पसरणारा, गाठ न करणारा कर्करोग केवळ जळजळ व वारंवारता यांच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. अशा वेळी ही तपासणी उपयोगी पडते. १९७६ मध्ये कॅनडातील आल्व्हारो मोरालेस यांनी मूत्राशयात बीसीजी लस सोडण्याचा उपचार प्रसिद्ध केला. या उपचारामुळेही काही दिवस जळजळ होते व रक्त जाते. म्हणून ही लक्षणे रोगाची की उपचाराची, हे वैद्याला पारखावे लागते.

मुंबईत १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले व १९६३ मध्ये कर्करोग नोंदणीस प्रारंभ झाला. त्यानंतरही दक्षिण महाराष्ट्रातील अनेक रुग्णांना दीर्घकाळ मुंबई गाठावी लागत असे. कसबा बावडा येथे १९८९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. साधने जवळ आली, तरी पहिला निर्णय रुग्णाच्या घरातच होतो. मूत्रात डोळ्यांना दिसणारे रक्त एकदाच गेले व वेदना मुळीच नसली, तरी मूत्रतपासणी, सोनोग्राफी व आवश्यक तेथे मूत्राशयदर्शन करावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. रोग अस्तरापुरता मर्यादित असताना सापडल्यास मूत्रमार्गातून अर्बुद काढता येते व मूत्राशय बहुधा वाचतो. तो स्नायूत शिरल्यावर मात्र अनेकदा संपूर्ण मूत्राशय काढावा लागतो.