पणजीचं नाव शोधताना



गेल्या दिवाळीत नातवाला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितलं होतं. मी घरची जुनी वही काढली. सात पिढ्यांची नावं भराभर सापडली, पण सगळी पुरुषांची. तो म्हणाला, "आज्जी, यांना आया नव्हत्या का?" मला उत्तर देता येईना. माझ्या आजेसासऱ्यांच्या आईचं नावसुद्धा घरात कुणाला ठाऊक नव्हतं. "त्या मानमोडीत गेल्या," एवढंच सासूबाई सांगायच्या. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. आजेसासरे तेव्हा पाच वर्षांचे होते.

माझ्या लहानपणी माहेरी सुगी झाली की हेळवी यायचे. सोप्यासमोर बैल उभा करायचे, जोंधळे पदरात पडले की मूळपुरुषापासून घराणं घडाघडा म्हणून दाखवायचे. आम्ही पोरं तोंडाचा आ करून ऐकायचो. पण त्यातही बाप, मुलगा, नातू, एवढंच.

मी पडले बी. कॉम. नोंद झाली असेल तर तिचा कागद कुठेतरी असतोच, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण तो कागद आपल्याला दाखवणार कोण? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि तिचं दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आलं. मोडीतले कागद फडक्यात बांधून ठेवलेले. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल पुण्यात जमले. १८५२ च्या सुमारास इनाम कमिशन बसलं, तेव्हा इनामदारांना आपला हक्क सिद्ध करायला सनदा, कैफियती आणि वंशावळी हजर कराव्या लागल्या. म्हणजे बघा, कितीतरी घराण्यांची वंशावळ सरकारदरबारी जमा झाली. कागद आपल्याच वाडवडिलांचे, पण पाहायला परवानगी सरकारची! सरकारला ते दप्तर हवं होतं इनामांची तपासणी करायला. इतिहास शोधणाऱ्याला तिथे सहजासहजी प्रवेश नव्हता.

न्यायमूर्ती रानडे यांनी त्यासाठी खटपट केली. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांतून उतारे निवडले, ते पुढे छापले गेले. पण एवढ्या मोठ्या दप्तरातला तो मूठभर भाग. इतिहासाचार्य राजवाडे यांनी दुसरी वाट धरली. ते गावोगाव, घरोघर हिंडले. माळ्यावर, पेटाऱ्यांत, वाळवीच्या तोंडी पडलेले कागद त्यांनी गोळा केले. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड निघाला, पुढे असे बावीस झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. तरी सरकारी दप्तराचं दार बंदच.

शेवटी सर जदुनाथ सरकारांसारख्या विद्वानांनी आग्रह धरल्यावर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे हे काम आलं. १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. काम सुरू झालं तेव्हा रियासतकार पासष्टीच्या घरात होते, म्हणजे माझ्याच वयाचे! पेशवाई जाऊन तोवर शंभरावर वर्षं उलटली होती. दार आपोआप उघडलं नाही. मागणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मागितलं, तेव्हा उघडलं.

हे वाचून मला बळ आलं. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्या तालुक्याला असतात असं कळलं. गेले. तिथले साहेब म्हणाले, "बाई, जमिनीचं काम आहे का?" म्हटलं, "नाही, नावाचं आहे." ते हसले आणि जुनं रेकॉर्ड बाहेरच्याला दाखवत नाही म्हणाले. दुसऱ्यांदा गेले, तेच उत्तर. सुनेने मोबाइलवर कायदा शोधून दिला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात नुसती प्रत मागायचाच नाही, तर प्रत्यक्ष रेकॉर्ड पाहायचा आणि टिपणं घ्यायचाही हक्क आहे. अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज केला. अठ्ठाविसाव्या दिवशी बोलावणं आलं.

मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी सोबत नेले. १९१८ च्या ऑक्टोबरची पानं उघडली आणि दोघंही गप्प झालो. एरवी महिन्याला चार-पाच नोंदी, इथे पानंच्या पानं भरलेली. कारण प्रत्येक ठिकाणी एकच, ताप. जुन्या कागदांत 'बिन' म्हणजे मुलगा आणि 'कोम' म्हणजे बायको. गुरुजी बोट फिरवत एका ओळीवर थांबले. आधी नाव, मग कोम, मग आमच्या पणजोबांचं नाव. वय सव्वीस. आणि चार ओळी खाली, त्याच घरची एक तान्ही मुलगी. तिच्याबद्दल तर आम्हाला काहीच माहीत नव्हतं. तिचं नावही ठेवलेलं नव्हतं. मी तिथेच णमोकार म्हटला.

आपल्याकडे जनगणनेत भरलेली माहिती कुणालाच पाहता येत नाही, १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार. त्याला वर्षांची मर्यादाही नाही. जिवंत माणसाची खाजगी गोष्ट झाकलेली असावी, हे मलाही पटतं. पण शंभर वर्षांनी? ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनी जनगणना खुली होते. तिथे घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या एकाने १९११ ची जनगणना माहितीच्या कायद्याखाली मागितली. २००६ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि २००९ मध्येच ती लोकांना पाहता आली. फक्त आजार-अपंगत्वाचा रकाना २०१२ पर्यंत झाकून ठेवला. खाजगीपण राखून कागद खुले करता येतात, ते असे.

आता थोडं आपल्याकडेही पाहू. मूडबिद्रीचे धवल-जयधवल ग्रंथ किती काळ फक्त दर्शनापुरते होते! सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद, मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्यांनी प्रयत्न केले, १८९६ मध्ये नक्कल सुरू झाली आणि १९३९ मध्ये अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी पहिला भाग छापला. आपल्या गावच्या मंदिरात आजही पंचांच्या जुन्या चोपड्या, देणगीच्या वह्या कुलुपात आहेत. मूर्तीच्या आसनावरचे लेख अभिषेकाच्या पाण्याने झिजताहेत. दान देणाऱ्या किती श्राविकांची नावं तिथे असतील! सरकारकडे मागताना आपलं कपाट बंद ठेवलं तर ते शोभत नाही. म्हणून मी आमच्या पंचांना पत्र दिलंय: वह्यांचे फोटो काढून ठेवा, मागेल त्याला दाखवा. अजून उत्तर नाही. पर्युषणात पुन्हा विचारणार आहे.

पणजीचं नाव घरचं आहे, म्हणून इथे लिहीत नाही. वहीत मात्र पणजोबांच्या शेजारी ठळक लिहिलंय, खाली त्या तान्हीची नोंद केली आहे. मग नातवाने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि आजोबांच्या शेजारी माझं नाव लिहिलं. सासरी येऊन चाळीस वर्षं झाली, त्या वहीत ते पहिल्यांदाच आलं.

तुमच्या घरच्या वहीत तुमचं नाव आहे का? आजच काढून पाहा.