केसपेपर कोणाचा? एरंडोलच्या कागदापासून उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत

१/ अंजनी नदीकाठचे एरंडोल आज पांडववाड्यामुळे ठाऊक असते. पूर्वी मात्र हे गाव जाड्याभरड्या देशी कागदासाठी प्रसिद्ध होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ‘इम्पीरियल गॅझेटियर’मध्ये या धंद्याची नोंद आहे, तोवर तो ओसरून थोडाच उरला होता.

२/ त्याच गावाच्या ग्रामीण रुग्णालयात आज उपचाराचा आरंभ कागदानेच होतो. खिडकीवर नाव, वय, गाव सांगायचे आणि केसपेपर घ्यायचा. पण या कागदावर मालकी कोणाची? रुग्णाची, डॉक्टरची की सरकारची? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

३/ १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील गावोगावी सरकारी दवाखाने निघाले. त्यांच्या कारभारात रुग्णांचे दोन वर्ग पडले: खाटेवर दाखल झालेले ‘इनडोअर’ आणि औषध घेऊन घरी परतणारे ‘आउटडोअर’. आपले ‘आंतररुग्ण’ व ‘बाह्यरुग्ण’ हे शब्द याच विभागणीतले.

४/ दवाखान्यांचा वार्षिक अहवाल मुंबई सरकार छापत असे. किती रुग्ण आले, कोणते रोग आढळले, खर्च किती झाला, याचा तो हिशेब होता. नोंदवहीचा खरा वाचक सरकारी अधिकारी होता. ज्याची नोंद झाली, त्या रुग्णाने ती वाचावी अशी कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती.

५/ १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे खान्देशातही पसरला. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला घरझडतीचे आणि रुग्णांना वेगळे ठेवण्याचे अधिकार मिळाले. लोक आजारी माणसांना लपवू लागले. दवाखान्यातील नोंद म्हणजे आपल्यावरची पाळत, ही भीती त्या काळात घट्ट झाली.

६/ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने गावपातळीवरील आरोग्यसेवेचा आराखडा मांडला. १९५२ पासून सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. दवाखाना गावाजवळ आला. कागदाची विभागणी मात्र जुनीच राहिली.

७/ आंतररुग्णाची फाईल रुग्णालयाच्या कपाटात राहते. बाह्यरुग्णाचा केसपेपर बहुधा त्याच्याबरोबर घरी जातो. पहिल्याला आपला कागद मागावा लागतो, तर दुसऱ्याला तो सांभाळावा लागतो. पुढचा सारा कायदेशीर संघर्ष झाला तो मुख्यतः पहिल्या कागदासाठी.

८/ या संघर्षात रुग्णालयांची ढाल असे ‘गोपनीयता’. वास्तविक वैद्यकीय गोपनीयता ही रुग्णाचे इतरांपासून रक्षण व्हावे म्हणून असते. तीच सबब सांगून खुद्द रुग्णाला किंवा मृत रुग्णाच्या नातलगांना कागद नाकारता येतो का, हा कळीचा प्रश्न होता.

९/ नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. सर्वांना मोफत सेवा देणारी रुग्णालये त्यातून वगळली. आता उपचारांविषयी दाद मागता येत होती. पण पुरावा होता रुग्णालयाच्या कपाटात.

१०/ १९९६ मध्ये रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ते कपाट उघडले. रुग्णाने वा जवळच्या नातलगाने मागणी केल्यास केसपेपरच्या प्रती द्याव्याच लागतील; नेहमीचे शुल्क घेता येईल, परंतु गोपनीयतेचे कारण सांगता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. राज्यातील सर्व रुग्णालयांना व डॉक्टरांना तशी परिपत्रके काढण्याचा आदेशही कौन्सिलला दिला.

११/ पुढे २००२ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारविषयक नियमांनी मुदत घातली. मागणी आल्यावर तिची पोच द्यावी आणि ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत. तसेच उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे नोंदी जपाव्यात.

१२/ मात्र जपणुकीच्या त्या नियमात एक शब्द महत्त्वाचा आहे: ‘आंतररुग्ण’. म्हणजे ३ वर्षांचे बंधन दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदींपुरते. ओपीडीतून परतणाऱ्याचा उल्लेख त्यात नाही. नोंद जपलीच नसेल, तर ती मागण्याचा हक्क बजावायचा कसा?

१३/ हा केवळ शब्दच्छल नाही. मधुमेह, रक्तदाब, क्षय यांचे बहुतेक उपचार ओपीडीतच वर्षानुवर्षे चालतात. एरंडोलहून जळगावला पाठवलेल्या रुग्णाचा केसपेपर पावसात भिजला, तर कोणते औषध सोसले नाही, मात्रा कधी बदलली, हे नव्या डॉक्टरला आठवणीवर विसंबूनच विचारावे लागते.

१४/ राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत नोंदी मिळण्याचा हक्क आहे. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाशी रुग्णाच्या संमतीने ओपीडीच्या नोंदीही जोडता येतात. कागद हरवण्याची चिंता त्यामुळे कमी होऊ शकते. पण ती नोंद कोण वाचणार, हा प्लेगच्या काळातला प्रश्न पुन्हा समोर येतो.

१५/ १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. खिडकीवर पैसे लागत नाहीत. तरी घरातल्या थोरांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले जुने केसपेपर रद्दीत घालण्यापूर्वी एकदा पाहावेत. पुष्कळदा त्या आजाराचा संपूर्ण इतिहास तेवढ्याच कागदांवर असतो. दुसरी प्रत कोठेही नसते.